आखाड्याच्या कडेला उभा पंच

मंगल आबाजी पालवे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नगरला सावेडीतल्या आमच्या ऑफिसात, पहिला चहा यायच्या आधी. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्यांनीच घडवलेल्या खेळाची नवी आवृत्ती लागली होती. शेवटी खेळ बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली. मालकाचं नाव आलं. मालकाच्या मेहुण्याचं आलं. पुण्याहून आलेल्या नव्या टीममधल्या एकूणएक माणसाचं आलं. ज्या हॉटेलातून नाश्ता यायचा त्या हॉटेलाचेसुद्धा आभार आले. मंगल पालवे हे नाव आलं नाही. त्या तिथेच होत्या. दुसऱ्या रांगेत, खुर्चीवर मांडी घालून.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढे लिहिताना मी मधूनच हसणार आहे, मधूनच त्यांच्याशी भांडणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल, एका चांगल्या बाईची आठवण आहे, वाचू आणि सोडून देऊ. सोडून द्यायचं नाही. म्हणून तक्रार वरती लिहिली.

आम्ही मोबाईलवरचे गेम बनवत होतो. नगरमध्ये? होय, नगरमध्ये. हा प्रश्न मला इतक्या लोकांनी इतक्या आश्चर्याने विचारलाय की मला आता त्याचाच राग येतो. गेम काय फक्त काचेच्या इमारतीत बनतात? आमचं ऑफिस एका बँकेच्या वर होतं. जिन्यात खतांच्या जाहिराती चिकटवलेल्या. आत दहा-बारा टेबलं, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी मंगलताई.

बुटक्या, रुंद खांद्यांच्या, चाळिशी ओलांडलेल्या. अंगावर सलवार-कमीज आणि पायात पुरुषांचे खेळाचे बूट. "चपलीत माझं डोकं चालत न्हाई," म्हणायच्या. चष्मा ओढणीने पुसायच्या आणि त्याच ओढणीने कॉम्प्युटरचा पडदाही. चहा नेहमी अर्धा कप. ड्रॉवरमध्ये शेंगदाण्याचा आणि गुळाचा डबा, आणि त्या ड्रॉवरला कुलूप. हो, शेंगदाण्यांना कुलूप! किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. कुणी मागितले की मूठभर द्यायच्या, पण कुलूप काढून द्यायच्या आणि पुन्हा लावायच्या.

लग्न केलं नव्हतं. नवीन माणूस हमखास विचारायचा, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "तोलाची जोड मिळाली न्हाई."

पाथर्डीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. घरचे सगळे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. मंगलताई मामाकडे राहून शिकल्या, इंजिनिअर झाल्या, पुण्यात नोकरी करून पुन्हा नगरला आल्या. इंग्रजी उत्तम. पण रागावल्या की गावची भाषा यायची, आणि त्या दिवसातून बऱ्याच वेळा रागवायच्या. त्यांचा एक ठेवणीतला प्रश्न होता. कुणी म्हणालं, ही नवी पद्धत बरी आहे, हे नवं सॉफ्टवेअर बरं आहे, की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कुणाला बरं?" माणूस गोंधळायचा. त्या थांबायच्या. उत्तर येईपर्यंत खरंच थांबायच्या.

मी तिथे टेस्टर म्हणून लागले. म्हणजे दिवसभर खेळायचं आणि कुठे काय मोडतंय ते लिहून द्यायचं. त्याआधी कॉलेजात मी वसतिगृहाच्या पाण्यासाठी, एसटीच्या पाससाठी पत्रकं लिहायचे, तीच लिहायची सवय हाताला होती. पहिल्या दिवशी मी खेळातल्या चुकांचा कागद दिला. मंगलताईंनी तो मोठ्याने वाचला. "'सदर पैलवान वारंवार उलटा उभा राहतो, ही बाब अत्यंत निषेधार्ह आहे.' अगं ए, गेम हाय हा. नगरपालिका न्हाई!" ऑफिस हसलं. त्या दिवसापासून मी पत्रकवाली झाले. नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही.

खेळाचं नाव 'माळावरचा हगामा'. आमच्याकडे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो, तो. वजनकाटा नसतो. गावचे पंच नुसत्या नजरेने दोन पोरं शेजारी उभी करतात, खांदे बघतात, आणि जोड लावतात. सारखी जोड लागली की खूप वेळ कुणीच पडत नाही. मग पंच आत शिरतो, दोघांना सोडवतो, दोघांचेही हात वर करतो आणि ओरडतो, "सुटली! बरोबरीत सुटली!" हलगी कडाडते, बक्षीस निम्मं-निम्मं होतं, आणि दोन्ही गावं आनंदाने घरी जातात. जगातल्या कुठल्याही कुस्तीच्या गेममध्ये तुम्हाला हे सापडायचं नाही. तिथे एकाला पडावंच लागतं. मंगलताईंच्या खेळात पडावं लागत नव्हतं. लोक त्यासाठीच तो खेळत होते.

आणि हे मुळात आलं कसं, तर एका बिघाडातून.

इथे थोडं थांबून सांगते. गेमच्या खाली एक तयार यंत्रणा चालत असते, तिला गेम इंजिन म्हणतात. माणूस किती जड, ढकलला तर किती सरकेल, पडला तर किती उसळेल, बोट लावल्यावर हात किती लवकर उचलेल, हे सगळं ते इंजिन ठरवतं. ते बाहेरची कंपनी बनवते, आपण त्यावर आपला खेळ उभा करतो. मंगलताईंनी निवडलेलं इंजिन तेव्हाही फार नवं नव्हतं. त्यात दोन सारख्या ताकदीचे पैलवान भिडले की एकमेकांत अडकायचे. पडायचे नाहीत, सुटायचे नाहीत, जागच्या जागी थरथरत राहायचे. कुणाचा भार कुणावर, हेच त्या इंजिनला उमगायचं नाही. मंगलताईंनी खूप डोकं आपटलं. काही केल्या दुरुस्त होईना.

पुढची गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की मी ती पाहिल्यासारखीच आठवते. चैत्रातली जत्रा. ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच परतलेल्या. त्यांचे वडील, आबा, दारच्या लिंबाखाली बसलेले. आबा तरुणपणी पैलवान, नंतर गावचे कायमचे पंच. लेकीने कौतुकाने फोन हातात दिला. आबांनी बोटाने दोन कुस्त्या केल्या. तिसरीला जोड अडकली आणि थरथरायला लागली.

मंगलताई ओशाळल्या. "आबा, द्या इकडं. ते जरा बिघडलंय."

आबांनी फोन दिला नाही. "बिघडलंय कुठं? तोलाची जोड हाय ही." बराच वेळ बघत राहिले. मग लेकीवरच चिडले. "अगं मग सोडव की त्यांला! लेकरांचा जीव घेतीस का?"

"कसं सोडवू? आत कुणी न्हाईच सोडवायला."

"न्हाई कसं?" आबा म्हणाले. "मी हाय की."

दुसऱ्या दिवशी हगाम्यात मंगलताईंनी आबांचं आत शिरणं चारी बाजूंनी चित्रित केलं. आबांच्या डाव्या गुडघ्याला पूर्वी कधीतरी कोयता लागला होता, त्यामुळे तो पाय आबा न वाकवता बाजूने फिरवून टाकायचे. ती चाल त्यांनी जशीच्या तशी खेळात आणली. आवाजही तिथेच घेतला. "सुटली!" या ओरडण्यामागे एक शेळी ओरडते. मी टेस्टर म्हणून रीतसर तक्रार केली, की आवाजात शेळी आहे.

"राहू दे," म्हणाल्या. "शेळी बी हुती तिथं."

आबा पुढे गेले, म्हातारपणाने, घरीच. त्यानंतर मी मंगलताईंना त्यांच्याबद्दल रडताना पाहिलं नाही. फक्त कधी कधी जेवणाच्या सुट्टीत त्या फोनवर दोन सारखे पैलवान निवडायच्या, काहीच न करता बसून राहायच्या, आणि आबा तो पाय फिरवत आत यायचे.

दोन गावांतले दोघे आपापल्या फोनवरून एकमेकांशी कुस्ती लावू शकायचे, आणि जितकं खेळाल तितका आपल्या पैलवानाचा जोर वाढायचा. खेळाला मदतीचा एक फोन नंबर होता. तो त्या स्वतः उचलायच्या. शेवगावच्या बाजूचा एक दत्तू म्हणून होता, तो टोळीबरोबर कारखान्यावर गेला की तिथून हमखास फोन करायचा. एकदा माझ्यासमोर आला. ताईंनी स्पीकर लावला.

"ताई, आमच्या साडूचा जोर जरा कमी करा की. त्यो लई खेळतोय, मला पाडतो."

"तू तुझा वाढव."

"मला जिंकायचं न्हाई वो. सुटली पायजे आमची. आमी बोलत न्हाई ना एकमेकाला. लग्नात टॉवेल-टोपीवरनं झालं हुतं. आता त्यो तिकडल्या कारखान्यावर, मी इकडं. रोज सांजच्याला एक कुस्ती लावतो. सुटली की त्याचा बी हात वर, माझा बी वर. बायका हसत्यात मग."

"एवढं हाय तर सरळ फोन लाव की त्याला, शहाण्या."

दत्तू म्हणाला, "फोन लावून बोलायचं काय?"

ताईंनी फोन ठेवला. ड्रॉवर उघडून शेंगदाणे काढले, मला न विचारता माझ्या हातावर मूठभर ठेवले. कुलूप लावलं. त्या दिवशी पुढे त्या कुणावरही रागावल्या नाहीत.

आता इंजिनाचं ऐका. माझ्या संतापाचं मूळ इथे आहे.

नंतर सगळीकडे सांगितलं गेलं की मंगल पालवे जुन्याला चिकटून बसल्या, म्हणून कंपनी मागे पडली. हे धादांत खोटं आहे. इंजिन म्हातारं झालंय, हे ऑफिसात पहिल्यांदा बोलल्या त्या मंगलताई. ते बनवणाऱ्या कंपनीने त्या आवृत्तीकडे बघणं सोडलं होतं. नवे फोन निघत होते, नवे नियम येत होते. ताई दर दिवाळीला, पेढ्यांचा बॉक्स संपायच्या आत, मालकांसमोर जाऊन उभ्या राहायच्या. मालक म्हणजे संदेश सर. तरुण, गोड बोलणारे, हातात कायम गाडीची किल्ली फिरवणारे.

"सर, इंजिन बदलायला घेऊ."

"चालतंय ना, ताई? मग चालू द्या."

"चालतंय म्हणून तर आत्ता बदलायचं. बंद पडल्यावर काय बदलणार, मढं?"

त्यांची पद्धतही ठरलेली होती. एकदम सगळं उचलून नव्या घरात टाकायचं नाही. एकेक डाव हलवायचा. एका हातात जुना खेळ, दुसऱ्या हातात नवा, दोन्हीवर तीच कुस्ती करायची. बोटाला फरक लागला की थांबायचं, फरक का लागला ते शोधायचं, मग पुढे. वेळ लागेल, पण खेळणाऱ्याला कळणारसुद्धा नाही की खालचं इंजिन बदललं. सर हसायचे आणि म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तेच म्हणायचे.

ताईंचीही चूक होती, आणि ती मी लपवणार नाही. पत्रकात एकच बाजू लिहायची असते, पण हे पत्रक नाही. मंगलताईंनी कुणालाही शिकवलं नाही. दोन मुलं हाताखाली दिली होती. एकाला त्यांनी आठवड्यात रडवलं, दुसरा न सांगताच यायचा बंद झाला. पैलवान जिथे अडकतात, ती कोडमधली अवघड जागा त्यांनी इतकी गुंतागुंतीची लिहिली होती की दुसऱ्याला वाचताच येऊ नये. आणि तिथे पुढच्या माणसासाठी एकच ओळ लिहून ठेवलेली होती, 'इथं हात लावू नको. मंगल.' मी भांडायचे. "ताई, हे मालकी हक्काचं वागणं आहे. ज्ञान सगळ्यांचं असतं." त्या म्हणायच्या, "शिकवीन गं, पत्रकवाली. माणूस तर मिळू दे तोलाचा." शेंगदाण्यांना कुलूप, तसंच त्यालाही.

मग व्हायचं ते झालं. ज्या दुकानातून लोक ॲप घेतात, तिथून नोटीस आली. खेळ नव्या फोनच्या नियमात बसत नाही, मुदतीत बदला, नाहीतर काढून टाकू. संदेश सरांच्या हातातली किल्ली त्या दिवशी फिरायची थांबली. आठवडाभरात पुण्याहून टीम आली. पुढारी तन्मय नावाचा मुलगा, हुशार, सभ्य, रात्रंदिवस राबणारा. बैठक बोलावली. संदेश सर उभे राहून म्हणाले, "पूर्ण नवं इंजिन. पोळ्याच्या आत बाजारात. आपण एवढे मागे का पडलो, ते सगळ्यांना माहीत आहे. काही लोकांना जुनं सोडवत नाही." असं म्हणत त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं.

मी उठायला लागले. टेबलाखाली मंगलताईंचा बूट माझ्या पायावर आला आणि तिथेच राहिला. त्या तन्मयशी बोलल्या, अगदी कामाच्या आवाजात.

"तुमच्या इंजिनात तोलाची जोड सुटणार कशी?"

"मॅडम, यात ते अडकतच नाहीत. फिजिक्स एकदम क्लीन आहे."

"अडकत न्हाईत म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी एक पडतोच."

"अडकायला पायजेत," ताई म्हणाल्या. "जुन्यात आपोआप अडकायचे. नव्यात आपल्याला अडकवावे लागतील. होईल ते. मी बसते तुमच्याशेजारी, दाखवते."

तन्मय मान हलवणारच होता. संदेश सर मध्येच म्हणाले, "ताई, तुम्ही आता यात पडू नका. त्यांना त्यांचं काम करू द्या."

ज्या बाईने तीन दिवाळ्या ओरडून सांगितलं की बदला, तिलाच बदलाच्या कामातून बाहेर काढलं. त्यांचं टेबल पाण्याच्या फिल्टरशेजारी गेलं. काम दिलं कंपनीच्या वेबसाइटवरचे फोटो लहान-मोठे करायचं. त्यांनी ते केलं. फिल्टरवर पाणी प्यायला येणाऱ्या नव्या पोरांना रोज एकदा विचारायच्या, "सुटते का रे?" पोरं लाजून हसायची. त्यांना कळायचंच नाही की ही बाई काय विचारते आहे.

मग आली ती सकाळ.

खेळ दिसायला देखणा झाला होता, हे कबूल. माती अशी लाल की हाताला लागेल. पैलवानांच्या अंगावर घाम. आणि आखाड्याच्या कडेला आबा! फेटा, पांढऱ्या मिशा, गळ्यावरच्या सुरकुत्या, सगळं जुन्यापेक्षा कितीतरी खरं. मंगलताई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी ओढणीने चष्मा पुसला. मला वाटलं, चला, वाचलं.

पहिली कुस्ती लागली. सारखी जोड. भिडले, क्षणभर थांबले, एक पडला. टाळ्या. दुसरी जोड लावली. तीही सारखी. भिडले, एक पडला. टाळ्या. आबा कडेला उभे. तिसरी. एक पडला. आबा तिथेच उभे. फेट्याचा शेमला वाऱ्यावर सुंदर हलत होता.

मग नावं आली, ती वर सांगितली तशी. मला वाटलं त्या नावाबद्दल काहीतरी बोलतील. त्या बोलल्या ते असं, "पंच आत का येत न्हाई?"

तन्मयने वळून पाहिलं. "कोण पंच?"

"त्यो काय. फेटेवाला."

"अच्छा, ते आजोबा? ते बॅकग्राउंडला आहेत ना, मॅडम?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्या बाईने सांगितलं असतं तिला फिल्टरशेजारी बसवलं होतं. मंगलताई म्हणाल्या, "व्हय का." एवढंच. तेवढ्यात चहा आला. त्यांनी त्या दिवशी अर्धा घेतला नाही, पूर्ण कप घेतला, शांतपणे संपवला, स्वतः जाऊन विसळला. ड्रॉवर उघडून डबा पिशवीत टाकला. गळ्यातली किल्ली काढून कुलपात तशीच ठेवली, आणि बूट वाजवत जिना उतरल्या. त्यांना ड्रॉवर उघडा ठेवून जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर फोन मी उचलत होते. आठवड्याच्या आत दत्तूचा आला. "ताई हायेत का?" मी म्हटलं, नाहीत. तो म्हणाला, "न्हाई, एक विचारायचं हुतं. आमचा पंच मेला का वो?" मी म्हटलं, "नाही, आहे की. कडेला उभा आहे." तो म्हणाला, "ते दिसतंय. मग आत का येत न्हाई? माझ्या साडूनं खेळणंच सोडलं. म्हणतो, रोज कोन पडायचं?"

असे कितीतरी फोन आले. लोकांनी खेळ काढून टाकायला सुरुवात केली, खाली वाईटसाईट लिहिलं. संदेश सरांनी बैठकीत त्याचंही कारण सांगितलं: जुनं काम इतकं गुंतागुंतीचं करून ठेवलं होतं की नवीन टीमला अडचण झाली. म्हणजे खेळ चालला तो कंपनीमुळे, आणि पडला तो मंगल पालवेंमुळे! मी त्या दिवाळीआधीच नोकरी सोडली. आता मी आयटीतल्या, कॉल सेंटरमधल्या, डिलिव्हरीच्या पोरापोरींच्या संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते. जमतं ते करते.

मंगलताईंना सुप्याच्या एमआयडीसीत काम मिळालं. एका कारखान्यात पॅकिंगच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर बघायचं. कंपनीच्या बसने रोज जायच्या-यायच्या. मी एक-दोनदा नगरला बसस्टॉपवर भेटले आणि म्हटलं, "ताई, तुमच्या नावाचं पत्रक काढू. सोडायचं नाही यांना."

"माझ्या नावाचं राहू दे. पंचाचं लिही."

"नाव तुमचं गेलंय, ताई!"

"तू तुझं भांड, मी माझं. मला पंच आत पायजे." मग बस आली.

हिवाळ्यात तन्मयचा फोन आला. पंच कोण, ते त्याला आता कळलं होतं. "ते मोठं काम नाहीये. आजोबांची चाल, आवाज, सगळं नव्या खेळात आम्ही आणलंय. मागची शेळीसुद्धा आहे. फक्त त्यांना बोलावणं जात नाही. सारखी जोड ओळखून थोडा वेळ धरून ठेवायची, की ते आत येतील. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, आता त्यात वेळ घालवू नका." आणि मग तो म्हणाला ते मी तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं, पण शब्द तसे लक्षात आहेत. "त्यांना माझ्याशेजारी बसू दिलं असतं, तर झालं असतं हो."

या वर्षी ज्येष्ठात मंगलताई गेल्या. सुप्याहून परत येताना बसमध्ये अस्वस्थ वाटलं. ड्रायव्हरने बस थेट दवाखान्यात नेली. डॉक्टर हृदय म्हणाले. मी डॉक्टर नाही, आणि त्यांच्या मरणाचा आरोप मी कुणावर करत नाही. माझा आरोप जेवढा आहे तेवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

त्यांच्या दहाव्यानंतर मी कंपनीला लिहिलं: निदान आता नाव लावा. उत्तर आलं की खेळात फक्त सध्याच्या कर्मचाऱ्यांची नावं देण्याचं धोरण आहे. नाश्त्याचं हॉटेल कंपनीत कधी नोकरीला लागलं, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चैत्रात, त्यांच्या गावच्या जत्रेत. त्यांनीच बोलावलं होतं. हगामा माळावर भरला होता. आम्ही दोघी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून बसलो. ऊन उतरत आलेलं. हल्ली मुलींच्याही कुस्त्या लागतात. दोन पोरी भिडल्या, एक याच गावची, एक शेवगावकडची. जोड तोलाची होती. मलासुद्धा दिसत होतं. कुणी हलेना. दोघींचे पाय मातीत रुतलेले, खांदे थरथरत होते. माणसं उठून उभी राहिली. कडेला नवा पंच होता, तरुण, फोन हातात धरून त्यांचं शूटिंग घेणारा.

मंगलताई उठल्या. ट्रॉलीच्या कडेला दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणू लागल्या, "आत जा. आत जा की रे." त्यांचा डावा पाय बुटातल्या बुटात जरासा बाजूला फिरला. मी पाहिला.

पंचाने फोन खिशात टाकला आणि आत शिरला. पोरींना सोडवलं. दोघींचे हात वर केले. "सुटली!" हलगी अशी वाजली की ट्रॉलीचा पत्रा थरारला.

मंगलताई मोठ्याने हसल्या, खाली उतरल्या, आणि गर्दीत शिरून गोडीशेवेचा पुडा घेऊन आल्या. माझ्या पिशवीत कोंबला. "खा, पत्रकवाली. न्हाईतर वरडायला ताकद कुठून येणार?" मग घराकडे निघाल्या. बुटांवर लाल माती होती. वळणावर कुणीतरी बाई भेटली, तिच्याशी काहीतरी भांडत भांडत त्या दिसेनाशा झाल्या.

आता पुन्हा पोळा आला आहे. गेम बनवणाऱ्यांनो, जुनी इंजिनं बदला, बदलायलाच हवीत, आणि ज्याने जुनं चालवलं त्याला नव्याशेजारी खुर्ची द्या. हे तुमच्यापुरतं.

बाकीच्यांसाठी, तुमच्यासाठी, काम अगदी साधं आहे. फोन काढा. 'माळावरचा हगामा' शोधा. खाली अभिप्राय लिहायची जागा असते. शिव्या लिहू नका, तन्मयला तर मुळीच नको. दोनच ओळी लिहा, आजच लिहा, घरातल्या प्रत्येक फोनवरून लिहा:

मंगल आबाजी पालवे यांचं नाव लावा.

पंचाला आत बोलवा.